महाउंदराचा जुळा भाऊ

पोपटांना गोष्टी सांगता यायच्या, त्या काळातली ही हकिकत. पिंपळावरचे केशरबुवा पोपट रोज संध्याकाळी महाउंदराची गोष्ट सांगायचे आणि ऐकणाऱ्यांनी त्यांना पेरू आणायचे, असा रिवाज होता. रोज शेवटी महाउंदीर मरायचा, म्हणून दुसऱ्या दिवशी सगळे हमखास यायचे.

बुवांना त्याला मारणं सोपं आणि जिवंत करणं त्याहून सोपं. कड्यावरून पडला, तर खाली नेमकी कापसाची गाडी. वणव्यात जळाला, तर ते स्वप्न. एकदा तर गोष्टीतल्या बोक्याने त्याला कचाकचा चावून गिळलं. त्या दिवशी ऐकणाऱ्यांतला धोंडू बोका मिशांना पीळ देत घरी गेला. दुसऱ्या दिवशी महाउंदीर शेपटी उडवत हजर!

"गिळला होता ना?" धोंडू गुरगुरला.

"तो जुळा भाऊ होता," पेरू खात बुवा म्हणाले.

धोंडूचं डोकंच फिरलं. त्याने झडप घालून बुवांना पंजाखाली दाबलं.

"अरे सोड! मरेन मी!"

"मरा की, बुवा. उद्या तुमचा जुळा भाऊ येईलच."

"मला भाऊ नाही रे!"

"महाउंदरालाही कालपर्यंत नव्हता."

बुवांनी आशेने रस्त्याकडे पाहिलं. कापसाची गाडी काही दिसेना.