रंगरावांचं लाल फडकं

गाड्यांना हॉर्नऐवजी जिभा होत्या, त्या काळातली ही गोष्ट. रंगराव नावाचा एक लांबलचक, उघड्या पाठीचा ट्रेलर साखर कारखान्याचा बॉयलर घेऊन निघाला. बॉयलर दोन्ही अंगांनी हातभर बाहेर आला होता. चार साखळ्यांपैकी तिघी पेटीतच होत्या, कारण नव्या रंगावर ओरखडे पडतात म्हणे. बांधली होती एकटी साळूबाई, तीही सैल.

आज आपण तुटणार, हे तिला पहिल्याच वळणावर कळलं. "रंगराव, रस्त्याला रुंदीचा नियम असतो हो. परवाना नाही तर नाही, निदान माझ्या बहिणींना तरी बाहेर काढा!"

"अगं, लाल फडकं बांधलंय की! ते दिसलं की सगळे बाजूला होतात."

आणि खरंच झाले. एसटी थांबली, ट्रॅक्टर चरात उतरला, एक म्हैससुद्धा सरकली. रंगराव फुगले. मग अरुंद पूल आला.

"सरक बाजूला! फडकं दिसत नाही?"

"दिसतंय की, छान आहे," पूल नम्रपणे म्हणाला. "पण मी सरकलो, तर तुम्ही जाणार कशावरून?"

रंगरावांना हा उद्धटपणा वाटला. ते तसेच घुसले. कठड्याने बॉयलरला ढोसलं, साळूबाईने जिवाच्या आकांताने धरलं आणि तिचे दोन तुकडे झाले. बॉयलर नदीत गेला.

"एवढंसं धरता येत नाही तुला?" रंगराव कडाडले.

"चुकलंच माझं," अर्धी साळूबाई लोंबकळत म्हणाली. "नुसता बॉयलर असता तर धरला असता. वर तुमचा रुबाबही लादलेला होता, तो नाही पेलवला."