राजाच्या भिंतीतली राख

त्या दिवशी वारा असा सुटला होता, की पागोटं एका हातानं धरूनच चालावं लागे! सोनबा भडभुंज्याच्या भट्टीतली भाताच्या तुसाची राख उडून थेट शेजारी, येसाजी गवंड्याच्या दारात पडत होती. म्हणजे आता भांडण ठरलेलं. पण येसाजीची बायको गोदा आज भांडायला आलीच नाही. उंबऱ्यात बसून डोळे पुसत होती.

"काय झालं, वहिनी?" सोनबानं विचारलं.

"राजा यांना देशोधडीला लावतोय हो! यांनी बांधलेला नवा तलाव गळतोय ना!"

राजा मानाजी मोठा हट्टी. तलावाची भिंत पुरी झाली, तेव्हा भर दरबारात म्हणाला होता, "या भिंतीत सुईच्या टोकाएवढीही फट नाही!" आता पाणी झिरपतंय, पण शब्द मागे कोण घेणार? म्हणून येसाजीला त्यानं बजावलं, "गळती थांबव. पण भिंत तसूभरही जाड व्हायची नाही, आणि नवं काही घातलेलं माझ्या डोळ्यांना दिसायचं नाही! नाहीतर बायकापोरांसकट राज्याबाहेर चालता हो!"

येसाजी खाली मान घालून कडेला बसला होता. सोनबा काही घाईचा माणूस नव्हे. तो त्यांच्या दारातल्या हौदाकडे बघत राहिला.

"येसाजी, हा हौद कधी गळला का रे?"

"नाही बुवा."

"याचा चुना कुठं मळला होतास?"

"इथंच, दारात. तुझी मेली राख सारखी त्यात पडायची. किती शिव्या घातल्या तुला!"

"घातल्यास खऱ्या," सोनबा हसला. "आणि तलावाचा चुना?"

"तो तिकडं माळावर, अगदी स्वच्छ..." येसाजी बोलता बोलता थांबला. त्यानं हौदाकडे पाहिलं, मग भट्टीकडे.

दोघं कामाला लागले. राख खलात घोटली, गोदाच्या जुन्या लुगड्यातून गाळली, पुन्हा घोटली. चिमटीत धरली तर बोटांना कळू नये इतकी बारीक! तलाव रिता करून आतला जुना गिलावा खरवडला, चुन्यात राख मळून तेवढ्याच जाडीचा नवा चढवला. चांगला मुरल्यावर तलाव भरला.

राजा आला. भिंतीमागं, जिथं पाणी झिरपायचं तिथं पाऊल टाकलं, तर धूळ उडाली! जाडी मोजून घेतली, होती तेवढीच. नाक टेकवून पाहिलं, काही दिसेना.

"घातलंत काय? दाखवा!"

सोनबा हात जोडून पुढं झाला. "दाखवलं तर आपलीच अट मोडेल, महाराज!"

"आणि काही घातलंच नसेल तर?"

"मग पाणी कुणाला भिऊन थांबलं, ते महाराजांनीच सांगावं!"

राजानं मिशीवरून हात फिरवला. आता कुठं जाशील, असा चेहरा केला. "बरं! माझ्या भिंतीत सुईच्या टोकाएवढीही फट नव्हती. मग तुझी ती वस्तू शिरली कुठं? की मी खोटं बोललो?"



"छे, छे! महाराज बोलले ते खरंच. सुईच्या टोकाएवढी फट नव्हतीच. त्याहून बारीक फटी होत्या! तिथं सुई जाईना, पण पाणी जाई. आम्ही फक्त पाण्याच्या आधी आमची राख तिथं नेऊन बसवली!"

राजा असा खदाखदा हसला, की पागोटं तलावात पडायचं राहिलं! हातातलं सोन्याचं कडं काढून त्यानं सोनबाच्या हातात घातलं. येसाजीला शेला दिला आणि किल्ल्याच्या तटाचं कामही दिलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच वारा. सोनबा शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून राख पलीकडं लोटू लागला, तशी गोदा कमरेवर हात ठेवून ओरडली, "अहो भावजी! राख तिकडं कुठं टाकताय? आमचं दार काय ओस पडलंय?"