गुलाबाची घाण आणि मठातील लाडू

वामन दिगंबर खांबेटे, वय वर्षे अठ्ठावन्न, यांनी मठाच्या ओसरीवर दुसरा पाय ठेवण्यापूर्वीच प्रश्न विचारला.

"सर, गुलाबात घाण येते कोठून?"

स्वामी शमानंद सुपात तांदूळ निवडीत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"सर वारले," ते म्हणाले. "संन्यास घेताना त्यांचे श्राद्ध मीच केले... तू त्या पलीकडच्या खांबाशी बैस. वारा तिकडे वाहतो आहे."

खांबेटे निमूटपणे पलीकडच्या खांबाशी बसले. याची त्यांना आता सवय झाली होती. सकाळी एसटीत शेजारचा प्रवासी तिकीट काढण्यापूर्वीच उठून मागे गेला होता. आणि मठाच्या दारातील कुत्रे, जे आल्यागेल्या प्रत्येकावर भुंकत असे, ते आज न भुंकताच उठून परसात गेले होते.

पूर्वाश्रमी स्वामी अभियांत्रिकी महाविद्यालयात रासायनिक अभिक्रिया शिकवीत असत, आणि खांबेटे हे त्यांचे पहिल्या बाकावरचे विद्यार्थी. पुढे गुरूंनी भगवी वस्त्रे घेतली आणि शिष्याने डोंगरापलीकडच्या एका कारखान्यात रिअ‍ॅक्टरची व्यवस्था पाहण्याची नोकरी धरली. रिअ‍ॅक्टर म्हणजे भले थोरले बंद भांडे. त्यात अगरबत्तीवाल्यांसाठी गुलाबाच्या वासाचे तेल तयार होई. अलीकडे मात्र त्या तेलाला असा वास येऊ लागला होता, की जणू कोणी गुलाबाच्या हारात कुजका कांदा ओवला आहे.

मालकांनी निर्वाणीचे सांगितले होते. शनिवारची बॅच अशीच निघाली, तर भांडे भंगारात जाईल, त्या भांड्यावर पोसलेली माणसे घरी जातील, आणि खांबेटे यांनी कुलूप लावून त्यांच्या मागोमाग जावे.

"मांड," स्वामी म्हणाले.

खांबेटे यांनी पाठ ताठ केली. मांडणीत ते कधीच कमी पडले नव्हते.

"अभिक्रिया दोन आहेत, स्वामीजी. पहिलीत कच्चा माल आम्लाशी संयोग पावतो आणि गुलाब होतो. दुसरीत तोच गुलाब पुन्हा आम्लाशी संयोग पावतो आणि घाण होते. दोन्हींचे वेग मी स्वतंत्रपणे काढले. दोन्ही अचूक आहेत."

"शाबास."

"म्हणून मी पहिली पूर्ण होऊ देतो. कच्च्या मालाचा शेवटचा कण संपला, की त्याच क्षणी भांडे गार करतो. दुसरीला सुरू होण्यास अवधीच देत नाही."

"दोन्ही एकाच भांड्यात?"

"अर्थात."

"एकाच वेळी?"

"छे. एक पहिली आहे आणि एक दुसरी."

"हे दुसरीला ठाऊक आहे?"

स्वामींनी एक खडा उचलून ओसरीखाली टाकला.

"तापमान वाढवून पाहिले," खांबेटे जरा खालच्या आवाजात म्हणाले. "पहिली लवकर उरकली."

"आणि दुसरी?"

"ती... त्याहून लवकर."

"जी सुरूच झाली नव्हती ती?"

खांबेटे यांचे कान लाल झाले. माणूस वादात हरू लागला, की लौकिक पुढे करतो. त्यांनीही केला.

"माझ्या भांड्यात कच्चा माल म्हणून शिल्लक राहत नाही, स्वामीजी. आजवर राहिलेला नाही. पंचक्रोशीतील कोणत्याही कारखान्यात विचारा. हा माझा लौकिक आहे."

"वास त्याचाच येत असेल," स्वामी म्हणाले, आणि सूप बाजूला ठेवून उठले. "हात धू. साबणाने. मग पुन्हा साबणाने. आज मठात पुण्यतिथीची पंगत आहे. लाडू तू वाढ."

"लाडू?"

"मला तृप्त माणसे हवीत. जितकी होतील तितकी."

खांबेटे प्रथमच हसले. आग्रह हा त्यांच्या घराण्याचा गुण होता. त्यांच्याकडे जेवलेला माणूस स्वतःच्या बळावर पाटावरून उठल्याचे कोणाला आठवत नव्हते.

पंगत बसली. ओळीच्या आरंभी तात्या दळवी, त्यांच्याजवळ शेवंताबाई, मग गावातील इतर मंडळी. अगदी शेवटी, उशिरा आलेले गणू साळवी आणि बापू मोहिते. बापूंना दोनच दात उरले होते, आणि तेही एकमेकांसमोर नव्हते.

खांबेटे यांनी परात उचलली. लाडू मुठीएवढे होते.

पहिल्या फेरीला सर्वांनी आनंदाने पान पुढे केले. दुसऱ्या फेरीला तात्या म्हणाले, "आता बास हो, साहेब. पोट भरलं."

"एक तरी घ्या. प्रसादाला नाही म्हणू नये."

तात्यांनी घेतला. प्रसाद नाकारता येत नाही आणि पानात टाकताही येत नाही.

खांबेटे ओळीच्या टोकाला पोचले, तेव्हा गणू आणि बापू परातीकडे टक लावून पाहत होते. एकेक लाडू मिळूनही त्या दोघांची भूक अजून जागी होती. खांबेटे यांना ते सहन होईना. ते परत फिरले आणि पुन्हा आरंभापासून निघाले.

"अहो, इकडे कुठे?" तात्या म्हणाले. "मी केव्हाच तृप्त झालोय."

"बापूंपर्यंत जायचे आहे, तात्या. वाटेत तुम्ही आहात."

"मग मला ओलांडून जा की."

"पंगतिभेद होईल. एकाला वाढायचे आणि एकाला नाही, हे मठात शोभते का?"

तात्या धार्मिक गृहस्थ होते. त्यांनी डोळे मिटून लाडू फोडला.

शेवंताबाईंनी आपल्या पानातील नव्या लाडवाकडे, न बोलावता आलेल्या व्याह्याकडे पाहावे तसे पाहिले. "तुमची आई बरी आहे का हो?" त्यांनी विचारले.

"बरी आहे. का?"

"काही नाही. एकदा भेटायचंय. असं कसं वाढवलं ते विचारायचंय."

चौथी फेरी झाली. पाचवी झाली. अखेरीस बापूंनी पानावर हात आडवा धरला आणि म्हणाले, "भरलं बाबा."

खांबेटे यांनी परात खाली ठेवली. ओळीत भुकेला असा एकही जीव उरला नव्हता. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि गुरूंकडे पाहिले.

स्वामी ओव्याची डबी घेऊन आले. तात्या खांबाला टेकून हरी हरी म्हणत होते. शेवंताबाई उठण्याचा विचार करून पुन्हा खाली बसल्या. स्वामी एकेकाच्या तळहातावर चिमूट ठेवीत ओळीच्या टोकापर्यंत गेले, आणि मग परत आले.

"भुकेले किती राहिले?"

"एकही नाही," खांबेटे अभिमानाने म्हणाले.

"आणि तृप्त?"

खांबेटे यांनी ओळीवरून नजर फिरविली. बहुतेकांना अजीर्ण झाले होते.

"बापू," ते म्हणाले. "आणि गणू."

गणूंना उचकी लागली आणि त्यांनी ओव्यासाठी हात पुढे केला.

"बापू," खांबेटे यांनी दुरुस्ती केली.

"दुसऱ्या फेरीनंतर किती होते?"

"तेव्हा... जवळजवळ सगळी ओळ होती."

"मग थांबला का नाहीस?"

"दोघे भुकेले होते, स्वामीजी."

"त्या दोघांनाच वाढायचे."

"ते कसे शक्य आहे? वाढणाऱ्याला निवड नसते. भुकेला असो की तृप्त, समोर जो येईल त्याच्या पानात..."

त्यांनी खाली ठेवलेल्या परातीकडे पाहिले.

परसातून वाऱ्याची एक झुळूक खांबेटे यांच्या अंगावरून आली. तिच्यात गुलाब होता, आणि कांदाही.

"आम्लसुद्धा," खांबेटे म्हणाले. "आम्लसुद्धा पंगतिभेद करीत नाही."

"चांगल्या घरचे दिसते," स्वामी म्हणाले.

"म्हणजे पहिला गुलाब झाला, तेव्हापासूनच..."

स्वामींनी ओव्याची चिमूट त्यांच्याही हातावर ठेवली.

खांबेटे तिच्याकडे पाहत राहिले. "मग शनिवारी मी काय करू? भांड्यात कच्चा माल तसाच ठेवू? आजवर कधी... लोक काय म्हणतील? स्वामीजी, खांबेट्यांच्या पंगतीतून माणूस उपाशी उठवू?"

स्वामींनी डबीचे झाकण लावले.

"उठव. आणि पुढच्या पंगतीला त्यालाच आधी बसव."

त्या शनिवारी खांबेटे यांनी भांडे अर्ध्यावरच गार केले. उरलेला कच्चा माल वेगळा काढून त्यांनी पुढच्या बॅचमध्ये घातला. तेलाला गुलाबाचा वास आला. भांडे चालू राहिले, आणि त्यावरची माणसेही कामावर राहिली. खांबेटे यांच्या घरी आता पाहुणे आपले आपण उठतात. ते मठात गेले, की दारातील कुत्रे त्यांच्यावर भुंकते.