शेळी, मेंढी आणि केसाळ पिल्लू

एका खडकाळ डोंगराच्या उतारावर एक शेळी आणि एक मेंढी शेजारी शेजारी राहत असत. शेळीला करडे होती आणि मेंढीला एक कोकरू होते. डोंगरामागच्या रानात एक लांडगा येऊन राहिला, तेव्हापासून दोघींचे चरण्यात लक्ष लागेना. तोंड गवतात आणि डोळे झुडपांकडे, अशी त्यांची गत झाली. शेवटी दोघींनी ठरवले की, राखणीला एकेक कुत्रा पाळायचा. नदीकाठी कुत्र्यांची मोठी वस्ती होती. एका सकाळी मुलांना शेजारच्या एका म्हशीजवळ ठेवून दोघी तिकडे निघाल्या.

वस्तीच्या तोंडाशीच एक केसाळ कुत्री आपल्या पिल्लांना घेऊन बसली होती. त्यांतले एक पिल्लू म्हणजे जणू कापसाचा गोळाच! ते दुडुदुडु धावत आले आणि मेंढीच्या पायांत शिरून चक्क झोपी गेले. "अगं बाई!" मेंढी हरखून म्हणाली. "हेच माझे. आता दुसरे बघायलाच नको."

शेळीलाही ते पिल्लू फार आवडले होते. तिने त्याला हुंगले, त्याच्या अंगाची ऊब तिच्या नाकाला लागली. तरी तिने स्वतःला आवरले आणि त्याच्या आईला विचारले, "बाई, याचे वडील कुठे आहेत? मला त्यांना जरा चालताना बघायचे आहे."

मेंढीला हसू फुटले. "अगं, कुत्रा पाळायचाय की जावई शोधायचाय?"

केसाळ कुत्री मात्र हसली नाही. "आजवर कितीतरी जण पिल्ले घेऊन गेले, पण हे कुणी विचारले नव्हते," ती म्हणाली. "विचारलेत, तर खरे सांगते. ते बघा, तिकडे पडून आहेत. ऐन उमेदीत त्यांचे मागचे पाय अधू झाले. त्यांच्या वडिलांचेही तसेच झाले होते. आमच्या घराण्यात कमरेचे दुखणे आहे. लहानपणी काही कळत नाही, अंग भरले की दिसू लागते. सगळ्यांनाच होते असे नाही, पण पुष्कळांना होते. सपाटीवर निभावून जाते. तुमच्याकडे चढउतार असेल, तर विचार करा."

"इतके टुणटुणीत पिल्लू! याला काय होणार?" असे म्हणून मेंढीने त्याला सोबत घेतलेही.

शेळीचा पाय तिथून निघत नव्हता. पण आपला खडकाळ उतार डोळ्यांसमोर आला, तशी ती पुढे गेली. पलीकडे लांब कानांचे एक तपकिरी जोडपे आपल्या पिल्लासह राहत होते. त्यांनाही तिने चालून दाखवायला सांगितले. दोघांनी नदीची दरड सरसर चढून दाखवली. मग त्या पिल्लाची आई म्हणाली, "आमच्यात काहीच नाही असे समजू नका हं! कान असे लोंबते, पावसात भिजले की आतून पिकतात. वेळेवर कोरडे केलेत, तर त्रास होणार नाही."

"तेवढे मला जमेल," शेळी म्हणाली आणि तपकिरी पिल्लू घेऊन घरी आली.

पिल्लांचे कुत्रे झाले. मेंढीचा कुत्रा स्वभावाने इतका गोड, की कोकरू त्याच्या पोटाशीच झोपायचे. पुढे पुढे मात्र तो उठायला वेळ लावू लागला. पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलू लागला. मेंढीला वाटले, लाडाने आळशी झाला असेल! एका दुपारी कड्याखाली लांडग्याने कोकराला गाठले. केसाळ कुत्रा जीव तोडून उठला, चढणीवर त्याने दोन उड्या मारल्या आणि मागचे पाय घसरून तो खाली कोसळला. उठता येईना, तेव्हा तो पडल्या पडल्याच सारे बळ एकवटून भुंकला. ती हाक ऐकून तपकिरी कुत्रा वरून धावत आला आणि लांडग्यावर तुटून पडला. कोकराच्या पाठीवर ओरखडे उठले, पण ते वाचले.

संध्याकाळी केसाळ कुत्रा मान खाली घालून म्हणाला, "आई, आता मला परत सोडून येशील ना?"

मेंढीचे डोळे भरून आले. "तुला कशाला सोडू रे? दुखणे तू मागून घेतलेस का? सांगणारीने सांगितले होते, ऐकले नाही ते मी."

दुसऱ्याच दिवशी ती नदीकाठी गेली आणि त्याला कसे जपायचे ते त्याच्या आईकडून नीट समजून घेऊन आली. तिने आपले घर उतारावरून ओढ्याकाठच्या सपाटीवर हलवले. कुत्र्याचे अंग जड होऊ नये म्हणून त्याला बेताचे खाऊ घालू लागली, निजायला मऊ गवत अंथरू लागली आणि रोज डोहात पोहायला नेऊ लागली. पाण्यात त्याचे पाय दुखत नसत. शेळीही पावसाळाभर आपल्या कुत्र्याचे कान न चुकता कोरडे करत असे.

हळूहळू दोन्ही कुत्र्यांचे छान जमले. केसाळ कुत्र्याचे नाक मोठे तिखट होते. ओढ्याकाठी बसल्या बसल्या त्याला लांडग्याचा वास लागे, तो भुंके आणि वरून तपकिरी कुत्रा धाव घेई. कंटाळून लांडग्याने ते रान सोडले. मुलांनो, आता दोघी मैत्रिणी निवांत चरतात आणि त्यांची मुले डोहाच्या काठावर उभी राहून पोहणाऱ्या कुत्र्याच्या अंगावर पाणी उडवतात.

तात्पर्य : जीव घरी आणण्याआधी त्याच्या घराण्यातली दुखणी विचारून घ्यावीत आणि आपल्याला काय झेपेल ते पाहावे, आणल्यावर मात्र त्याला अंतर देऊ नये.