वगळायच्या यादीतली एक ओळ

एकदा एक उतावळा शिष्य होता. उगाच आडपडदा कशाला, तो मीच. आमचे वृद्ध गुरू एका लहानशा खोलीत चारपाच जणांना घेऊन कुंभारकामातल्या शब्दांचा कोश कॉम्प्युटरवर तयार करत होते. किती सुखाचे दिवस होते ते! प्रत्येकाचे काम एका सामाईक साठ्यात जमा होई. साठ्यात काय घ्यायचे नाही याची यादीही तिथेच असे, आणि ती साठ्याबरोबर सर्वांच्या कॉम्प्युटरवर पोहोचे.

माझे अर्धवट लिखाण ‘कच्चे’ नावाच्या फोल्डरमध्ये असे. ते कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून मी सामाईक यादीत एक ओळ टाकली: ‘कच्चे’ नावाचे प्रत्येक फोल्डर वगळा. कुणाला विचारले नाही.

पुढे आमच्यातल्या एका ताईंनी गावोगाव फिरून टिपलेले शब्द नव्याने केलेल्या ‘कच्चे’ फोल्डरमध्येच ठेवले. ते साठ्यात जात आहेत, अशी त्यांची समजूत. त्यांच्या कॉम्प्युटरने हूं की चूं केले नाही. तीन महिन्यांनी ताईंचा तो कॉम्प्युटर कायमचा बंद पडला. नव्या कॉम्प्युटरवर साठा उतरवला, तर ते फोल्डर नव्हतेच.

गुरूंनी कारण शोधले आणि माझी ओळ सामाईक यादीतून पुसली. मग माझ्या कॉम्प्युटरवर बसून तिथल्या एका वेगळ्या, खासगी यादीत तीच ओळ पुन्हा लिहिली. मी चक्रावलो.

“सर, जिने एवढा घात केला, ती पुन्हा कशाला?”

“अरे, ओळ वाईट नव्हती, तिची जागा चुकली. ही यादी तुझ्याच यंत्रात राहते, कुणाकडे जात नाही. तुझ्या सवयी इथे ठेव. सामाईक यादीत तेवढेच लिहावे, जे प्रत्येकाच्या लेखी टाकाऊ आहे. तिथे लिहिणारा सर्वांच्या वतीने बोलत असतो. तू ताईंना विचारलं होतंस?”



ताईंबरोबर मी ती सगळी गावे पुन्हा फिरलो. बहुतेक शब्द परत मिळाले. भट्टी लावण्याचे अकरा शब्द मात्र एका म्हाताऱ्या कुंभारणीलाच ठाऊक होते, आणि ती पंधरवड्यापूर्वीच वारली होती. तिच्या सुनेने आम्हाला बसायला दिले. “काय इचारायचं हुतं आत्याबाईला?” ती म्हणाली. ताईंनी तिच्यापुढे हात जोडले. माझ्याकडे पाहिलेही नाही.

आता सर नाहीत, ती खोलीही नाही. सामाईक यादीत ओळ घालण्यापूर्वी मी अजून उठून शेजारी काम करणाऱ्याला विचारून येतो.