तीच प्लेट

एकदा एक शिष्य आपल्या गुरूकडे आला, तो टोचन लावून ओढत आणलेल्या मोटारीसकट. गुरू म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लगेच आश्रम उभा राहतो; पण विद्येचं काय, ती ग्रीसने माखलेल्या हातांतही सुखाने नांदते. कोल्हापूरच्या दस्तगीरवस्तादांनी चाळीस वर्षांत शेकडो गाड्या सरळ केल्या होत्या आणि पाच-पंचवीस माणसंही. भरतेश त्यांतलाच एक. हात हुशार, पण गत मात्र उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग अशी.

घाटातल्या शर्यतीसाठी त्याने गाडीला नायट्रसची बाटली बसवली होती. हा वायू इंजिनात सोडला की त्याला क्षणात दीडपट बळ चढतं. ते बळ चाकांपर्यंत पोचवायचं काम क्लचच्या प्लेटचं, आणि ती मात्र कंपनीने दिलेली जुनीच होती. "आदी प्लेट बदल," असं वस्तादांनी बजावलं होतं. ऐकतो कोण! चढावरच्या दुसऱ्याच वळणावर इंजिन नुसतं गर्जत राहिलं, गाडी जागची हलेना आणि जळका वास सुटला.

"प्लेटच कुचकामी निघाली, वस्ताद," भरतेश तणतणत म्हणाला. "ऐन वेळेला दगा दिला. माझं नशीबच फुटकं. तिकडं गुऱ्हाळावर आण्णानंपण तेच केलं."

आण्णा म्हणजे त्याचे थोरले भाऊ. घरच्या गुऱ्हाळावर तेच एकटे गुळवे. उकळत्या पाकाची पारख करून काईल, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, नेमकी केव्हा उतरवायची, हे फक्त त्यांच्या बोटांना कळे. वर्षानुवर्षं दिवसाला चार काईली निघत. या हंगामात भरतेशने गावोगावचा ऊस गोळा करून त्या सातावर नेल्या. रस काढायचा नवा चरक आणला, नवे गडी आणले. गुळव्या मात्र एकच राहिला. आठ दिवसांपूर्वी भर दुपारी, पाचव्या काईलीच्या काठावर आण्णांचा डोळा लागला आणि उजवा हात कोपरापर्यंत पाकात गेला. त्या बोटांना पुन्हा स्पर्श कळेल की नाही, हे डॉक्टरही सांगेनात.

"भाजलं ते वाईटच झालं," भरतेश म्हणाला, "पण कामावर झोपायचं असतं का? सगळा हंगाम बुडाला. मी तर दवाखान्यातच तोंडावर बोललो त्याला."

वस्तादांनी गिअरबॉक्स उतरवला, जळलेली प्लेट काढली, फडक्याने पुसली. काढलेला खराब भाग मालकाच्या हातात द्यायचा, ही त्यांच्या गॅरेजची रीत. त्या दिवशी त्यांनी ती रीत मोडली. तीच जळकी प्लेट त्यांनी पुन्हा बसवायला घेतली आणि एकेक बोल्ट आवळत दोन तास खपले. म्हाताऱ्याला चळ लागला की काय, असं भरतेशला वाटलं. पण वस्तादांना टोकायची छाती होईना.

"चालू कर," वस्ताद म्हणाले. इंजिन ओरडलं. गाडी तसूभरही सरकली नाही.

"आता बोल हिला. दवाखान्यात बोललास तसं बोल. चार शिव्या हासड. बघू, पकडती का."

"वस्ताद, चेष्टा करताय व्हय गरिबाची?"

"चेष्टा न्हाई लेका." वस्तादांनी हातातला पान्हा खाली ठेवला. "दहा वर्सं हिनं तुझ्या इंजिनाचं बळ चाकाला पोचवलं. कवा कुरकुरली? जेवढं झेपतंय तेवढ्यासाठीच घडवली हुती तिला. बळ तू वाढवलंस, ह्यो तुझा पराक्रम. पर ज्येच्या अंगावरनं त्ये बळ जानार, त्येला कुनी इचारलं? प्लेटला तोंड न्हाई, म्हनून तिनं वास सोडला. मानसाला तोंड असतंय, पर सोसनारं मानूस बोलत न्हाई. त्ये जळून जातंय. आन् आपन म्हनतो, दगा दिला." मग हात पुसत ते हळूच म्हणाले, "प्लेट काय, उद्या नवी आनू. बाजारात मिळती."

भरतेशने इंजिन बंद केलं. महिनाभर आण्णा जेवताना हातात घास धरून पेंगत होते आणि आपण घरच्यांसमोर त्यांची टिंगल केली होती, हे त्याला आठवलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडी तिथेच टाकून तो चालत दवाखान्यात गेला.

आण्णा खाटेवर टेकून बसले होते. हाताला खांद्यापर्यंत पांढरं बँडेज होतं. भावाला दारात पाहताच तेच घाईघाईने म्हणाले, "आलास? रागावू नगंस बाळ. जरा डोळा लागला रं. माझंच चुकलं."

भरतेशला हुंदका आवरेना. "आण्णा, झेपत नव्हतं तर एका शब्दानं तरी बोलायचंस की!"

आण्णांनी डाव्या हाताने त्याला जवळ बोलावलं.

"किती खुशीत हुतास तू," ते म्हणाले. "कसं बोलायचं?"

भरतेश खाटेशेजारी खाली बसला आणि त्यांच्या डाव्या हातावर त्याने कपाळ टेकलं.