खारीची वडी आणि वानराचे शब्द

डोंगराच्या कुशीत साग आणि मोहाचे एक दाट रान होते. त्या रानातल्या एका जुन्या मोहाच्या ढोलीत एक खार राहत असे. अंगाने मूठभर, पण हाताला मोठी गुणी. उन्हाळा लागला की ती रिठ्याची फळे गोळा करी, त्यांची साले वाळवून कुटी, त्यात वारुळाची मऊ माती आणि कडुनिंबाचा पाला कालवी, आणि सुवासासाठी डोहाकाठच्या वाळ्याच्या मुळ्या घाली. मग त्या लगद्याच्या छोट्या वड्या थापून उन्हात वाळवी. वडी ओली करून अंगाला चोळली की फेस येई, मळ निघे, गोचिडी सैल होत आणि मागे वाळ्याचा गार वास दरवळत राही. मुलांनो, त्या वडीचे काम एवढेच होते आणि ते ती चोख करीत असे.

खार बोलायला मात्र फार लाजरी. तिच्या वड्या ढोलीच्या तोंडाशी पडून राहत आणि जनावरे खालून निघून जात. एके दिवशी शेजारच्या झाडावरचा वानर खाली उतरला. त्याने एक वडी हुंगून पाहिली.

"खारूताई, माल झकास आहे, पण मुका आहे," तो म्हणाला. "तू नुसती थापत जा. रानभर पोचवायचं काम माझं. बदल्यात जी फळं येतील ती दोघांत."

खारीला ते पटले. वानराने प्रत्येक वडी पळसाच्या पानात गुंडाळली आणि वर काट्याने ओरखडून लिहिले, 'मळ जातो.' काही वड्या खपल्या, पण फार नाही. पुढच्या खेपेला त्याने लिहिले, 'मळ जातो, वास जातो.'

"वास जातो म्हणजे?" खारीने विचारले.

"घामाचा वास जात नाही का?"

"जातो. थोडा वेळ."

"मग मी खोटं काय लिहिलं? 'थोडा वेळ' लिहायला पानावर जागा कुठे आहे?"

खार पुन्हा लगदा कालवायला वळली. वड्या भराभर खपू लागल्या. ऊन वाढले, ओढे आटून अंग भिजवण्यापुरती डबकी राहिली, पिण्यासाठी एकच डोह उरला, आणि बिबट्यासारख्या शिकाऱ्याच्या भीतीने सारे रान धास्तावले. तेव्हा वानराने पानावर नवीच अक्षरे ओरखडली : 'अंगाचा वास जातो. शिकाऱ्याला पत्ता लागत नाही. संपूर्ण नैसर्गिक.' आता रानात नैसर्गिक नाही असे काय होते? बिबट्याचे नखही नैसर्गिकच. पण ती अक्षरे वाचून जनावरांना धीर आला, आणि धीराला त्या दिवसांत फार मागणी होती.

खारीने ते पान पाहिले आणि हे खोटे आहे, हे तिला लगेच कळले. वानराला गाठून सांगायचे, असे तिने ठरवले. पण ढोली बदल्यात आलेल्या चारोळ्यांनी भरली होती. कधी मान वर करून न पाहणारा सांबर आता "कशी आहेस, खारूताई?" म्हणून थांबत होता. उद्या सांगू, असे ती रोज मनाशी म्हणे आणि रोज नव्या वड्या थापायला बसे.

पूर्वी जनावरे कळपाने डोहावर जात. वानर उंच शेंड्यावर बसून पहारा करी आणि कुठे झुडूप हलले की खाकरून इशारा देई. आता ज्याला जेव्हा तहान लागेल तेव्हा तो एकटाच डोहावर जाऊ लागला. वानरालाही पाने गुंडाळण्यातून सवड मिळेना. शेंडा रिकामा राहिला.

एका संध्याकाळी खार वाळ्याच्या मुळ्या काढायला डोहाकाठी गेली. गवत उंच होते. ती बुंध्याशी माती उकरत होती, तेवढ्यात अगदी जवळून कुणाच्या तरी श्वासाचा आवाज आला. ती जागच्या जागी थिजली. गवताच्या पात्यांआड, दोन उड्यांच्या अंतरावर, बिबट्याची मादी दबा धरून बसली होती. शेजारी तिचा अर्धवट वाढलेला बछडा होता.

"आई, किती वेळ बसायचं?" बछडा कुजबुजला.

"वाऱ्याकडे नाक ठेव," मादी म्हणाली. "वाळ्याचा वास आला की समजायचं, कुणीतरी येतंय. हल्ली सगळे तोच वास लावून येतात. एकटे येतात आणि मान खाली घालून निवांत पितात. आपल्याला शोधावंसुद्धा लागत नाही."

खारीला एकदम आठवले. गेल्या काही दिवसांत भेकर दिसले नव्हते. रानडुकराचे पिल्लूही दिसले नव्हते. दूर चरायला गेले असतील, अशी तिने मनाची समजूत घातली होती. आता तिला कळले, ते कुठे गेले होते.

इतक्यात वाऱ्याबरोबर वास आला. खारीच्या स्वतःच्या हातचा वास. समोरच्या उतारावरून हरिणी आपल्या पाडसाला घेऊन येत होती. दोघांची अंगे नुकतीच धुतलेली होती, पाडसाच्या पाठीवरचे ठिपके स्वच्छ दिसत होते. गवतात मादीचे खांदे हळूच खाली गेले. बछड्याने शेपूट आवरून घेतली.

खार हलली असती तर गवत हलले असते. ती ओरडली असती तर मादीचा पंजा तिच्यावर पडायला एक क्षण पुरला असता. आणि ती गप्प राहिली असती, तर तिला कुणी काही विचारले नसते. ती तिथे होती हे कुणालाच ठाऊक नव्हते. पाडस पाण्यात पुढचे पाय घालून तोंड खाली नेऊ लागले.

खार काठावरच्या करवंदीच्या जाळीकडे झेपावली, काट्यांतून वर चढली आणि जीव खाऊन चित्कारली, "हरिणीताई, मागे फीर. पाडसाला घे आणि पळ."

हरिणीने मान वर केली. तिने खारीला ओळखले आणि तिचे डोळे निवळले. "घाबरू नकोस, खारूताई," ती म्हणाली. "मी तुझीच वडी लावून आलेय. आम्हाला कोण हुंगणार?"

ते शब्द खारीला काट्यापेक्षा खोल लागले. आता खरे सांगितल्यावाचून गत्यंतर नव्हते. नुसते 'बिबट्या आहे' असे ती ओरडली असती, तरी हरिणी वडीवर भरवसा ठेवून उभीच राहिली असती.

"त्या वडीने काही लपत नाही," ती ओरडली. "नुसता मळ निघतो. वास तर वडीचाच येतो, आणि त्या वासावरच बिबट्याची मादी टपून बसलीय. पळ."

हरिणीने पाडसाला ढुशी मारून काठावर लोटले. त्याच क्षणी गवत फाटले आणि मादीने झेप घेतली. पाडस निसटले. हरिणीने उडी मारली, पण मागच्या मांडीवर पंजा पडला आणि कातडी फाटली. ती कोलमडली, सावरली आणि लंगडत झाडीत शिरली. मादी थोडे अंतर मागे धावून परतली. तिने जाळीवर एक पंजा हाणला, पण करवंदीचे काटे दाट होते आणि खार आत खोल शिरली होती. अंधार पडून मादी बछड्याला घेऊन निघून जाईपर्यंत ती तिथेच बसून राहिली.

सकाळी सारे रान मोहाखाली जमले. हरिणीची मांडी सुजली होती. पाडस तिला चिकटून उभे होते. सांबराने पळसाचे पान पायाखाली धरून वानराला विचारले, "हे कुणी लिहिलं?"

"मी लिहिलं," वानर म्हणाला. "पण त्यात शब्दन् शब्द खोटा आहे असं कसं म्हणता? घामाचा वास जातोच. आणि शिकाऱ्याला पत्ता लागत नाही, हे मी आशेनं लिहिलं होतं. तुम्हालाही तेच वाचायचं होतं ना?"

भेकराची मादी मागे उभी होती. तिचा नर डोहावरून परतला नव्हता. ती वानराकडे पाहत राहिली, आणि वानराची नजर खाली गेली.

तेव्हा खार फांदीवरून खाली उतरली. एरवी ती कुणासमोर बोलत नसे. "लिहिलं वानरदादाने," ती म्हणाली, "पण वाचून गप्प मी बसले. वडी काय करते आणि काय करत नाही, हे एकट्या मला ठाऊक होतं. ढोली भरत होती म्हणून मी तोंड उघडलं नाही. तुमच्या चारोळ्या परत घेऊन जा."

कुणी तिला माफ केले नाही, कुणी शिव्याही दिल्या नाहीत. जनावरे ढोलीतल्या वड्या ओढ्याच्या आटलेल्या पात्रात फेकून निघून गेली. वानर शेंड्यावर जाऊन पहाऱ्याला बसला. तो खाकरला की जनावरे आता आधी स्वतः चहूकडे पाहत आणि मगच पळत. कळप पुन्हा एकत्र पाण्यावर जाऊ लागला.

खारीने बरेच दिवस काही थापले नाही. मग एकदा तिने वाळा न घालता थोड्याच वड्या केल्या आणि कशातही न गुंडाळता ढोलीपाशी ठेवल्या. कुणी फिरकले नाही. शेवटी एके सकाळी हरिणी लंगडत आली.

"वडी आहे?" तिने विचारले.

"आहे," खार म्हणाली. "हिने मळ निघतो. गोचिडी सुटतात, पण सगळ्या नाही. घामाचा वास थोडाच वेळ जातो आणि बिबट्यापासून रक्षण होत नाही. तुझ्या जखमेला लावू नकोस, फार झोंबेल."

"आणि पाडसाच्या पाठीला?"

"चालेल. डोळ्यांत तेवढं जाऊ देऊ नकोस."

हरिणीने एक वडी तोंडात धरली आणि पाडसामागे झाडीत निघून गेली.

तात्पर्य : माल चांगला असला तरी त्यावरचा शब्द फसवा असू शकतो, म्हणून शब्दावर जीव सोपवण्याआधी वस्तू पारखावी, आणि आपल्या मालाचे खोटे कौतुक जो गप्प बसून ऐकतो, तोही त्या खोट्याचा भागीदार होतो.